विळ्याचं पातं, मोरचूद आणि आयर्लंडचा बटाटा

तासगावचा_बागायतदार

परवा रात्री अडीचला पत्र्यावर थेंब वाजले आणि झोप गेली ती गेलीच. फळछाटणी होऊन अठ्ठावीस दिवस झालेत, घड बाहेर पडलेत, फुलोरा तोंडावर. ज्यांची द्राक्षबाग आहे त्यांना यापुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. या दिवसांत पान काही तास ओलं राहिलं की डाऊनी उतरते, म्हणजे केवडा, बुरशीचा रोग. पानावर तेल सांडल्यासारखा पिवळट डाग, आणि पान उलटं केलं की बरोब्बर त्या डागाखाली पांढरी बुरशी, भाकरी थापता थापता कुणी पिठाच्या हाताने पान धरावं तशी. पानावर आहे तोवर निभतं. घडात शिरली की घड तपकिरी होऊन वाळतो, आणि मग कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या सचिवाला तोंड कसं दाखवायचं याचा विचार सुरू होतो.

चार वाजता फवारणीचा ब्लोअर जोडला. टाकी भरेपर्यंत बांधावर बसून होतो, तेव्हा हा धागा सुचला.

आमचे अण्णा पावसाळ्यात काडीवर मारायला बोर्डो अजून घरीच करतात. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना. दोन वेगळ्या प्लास्टिकच्या बॅरलांत भिजवायचं, लोखंडाच्या भांड्यात नाही. चुन्याची निवळी गाळून मग दोन्ही एकत्र. एवढं झालं की अण्णा विळा मागतात. घासलेलं पातं त्या निळ्या पाण्यात मिनिटभर धरायचं. वर काढल्यावर तांबूस पुट चढलेलं दिसलं तर चुना कमी पडलाय, अजून ओता. मी त्यांना पीएचच्या पट्ट्या आणून दिल्या. त्या त्यांच्या खिशात आहेत आणि बॅरलात विळाच बुडतो.

हे मिश्रण सापडलं कसं ते आधी वाचलं होतं, त्या रात्री परत आठवलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्झेरा नावाच्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागांची मुळं खाल्ली. तोडगा म्हणून अमेरिकेतल्या रानवेली आणल्या आणि त्यांच्या खुंटावर फ्रेंच वाणांची कलमं भरली. आपण डॉगरिजच्या खुंटावर करतो तेच. पण त्या रानवेलींबरोबरच बहुधा डाऊनीही उतरली. १८७८ ला फ्रान्सात ती पहिल्यांदा दिसली. म्हणजे वैद्य बोलावला तर तोच साथ घेऊन आला.

१८८२ च्या ऑक्टोबरात बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सेंट ज्युलियन भागातल्या एका बागेतून चालले होते. सगळीकडे पानगळ झालेली, फक्त रस्त्याकडेच्या वेली हिरव्या, आणि त्यांच्या पानांवर निळसर थर. चौकशी केली तर कळलं, येणारे-जाणारे द्राक्षं तोडतात म्हणून मोरचूद-चुना शिंपडलाय, विषारी दिसावं म्हणून! मिलार्दे आणि त्यांचे रसायनशास्त्रातले सहकारी गेयाँ यांनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ ला कृती जाहीर केली.

आमच्याही रस्त्याकडेच्या ओळीला घरातल्या जुन्या साड्या बांधल्यात. त्यातून अजून कुठला शोध लागलेला नाही.

तर विषय असा, की पिकाच्या रोगाने माणसांचा इतिहास कुठे कुठे फिरवला? लढाया, राजे, तह शाळेत शिकवतात, करपा कुणी शिकवत नाही. ज्याला जे ठाऊक आहे ते लिहा. शक्यतो आपल्या पिकांशी धागा जुळवून.

निशाचर

पहिला! वाचतोय. रस्त्याकडेच्या ओळीतली द्राक्षं कॉलेजात असताना आम्हीच तोडायचो, माफी असावी.

पुसेगावकर

मग बटाट्यापासून सुरुवात करतो, आमच्या खटाव-कोरेगावच्या खरिपाचं पीकच ते. श्रावणात चार दिवस सूर्य दिसला नाही आणि गार झड लागली की वडील संध्याकाळी वावरात जाऊन नुसता वास घ्यायचे. करपा बसलेल्या बटाट्याच्या रानाला एक कुबट वास येतो. पान काळं दिसायच्या आधी नाकाला कळतं.

आयर्लंडमध्ये १८४५ च्या सप्टेंबरात हाच वास सुटला. गरिबाचं सगळं पोट बटाट्यावर होतं, आणि त्यातही ‘लंपर’ नावाचा एकच वाण. बटाटा आपण डोळे कापून लावतो, म्हणजे रानातलं प्रत्येक झाड एकमेकाचं जुळं भावंड. एकाला लागला की सगळ्यांना लागला. १८४५ ला थोडं पीक हाती आलं, १८४६ ला जवळजवळ काहीच नाही. १८४१ च्या शिरगणतीत साधारण ८२ लाख लोक होते, १८५१ ला ६५ लाख उरले. सुमारे दहा लाख मेले आणि तेवढेच जहाजात बसून देश सोडून गेले.

मला यातलं सगळ्यात विचित्र काय वाटतं सांगू? रोग कशाने होतो हेच लोकांना माहीत नव्हतं. कुणी म्हणे रेल्वेच्या धुराने, कुणी म्हणे विजेने, कुणी म्हणे देवाचा कोप. कुजलेल्या पानावर बुरशी सगळ्यांना दिसत होती, पण विद्वान म्हणायचे की झाड सडलं म्हणून बुरशी आली. बर्कली नावाचा एक इंग्रज पाद्री १८४६ मध्ये म्हणाला की उलटं आहे, बुरशी आली म्हणून झाड सडलं. त्याचं फार कुणी ऐकलं नाही. पुढे १८६१ ला जर्मनीच्या डी बारीने ते सिद्ध केलं. तोवर माणसं मरून पंधरा वर्षं झाली होती.

अर्थपूर्ण

छान माहिती. पण धाग्याच्या मांडणीलाच माझा आक्षेप आहे. बटाट्याने माणसं मारली नाहीत. त्या वर्षांतही आयर्लंडच्या बंदरांतून धान्य, लोणी आणि जनावरं इंग्लंडला जात होती. बटाटा कुळाच्या पोटासाठी होता, गहू-ओट जमीनदाराच्या खंडासाठी. खंड थकला तर घराचं छप्पर उतरवलं जायचं. पंतप्रधान पीलने सुरुवातीला अमेरिकेतून मका मागवला. लोकांना तो शिजवता येईना, खाऊन पोटं बिघडली, आणि त्याला नाव पडलं ‘पीलचं गंधक’. ७२ च्या दुष्काळातली मिलो ज्वारी आठवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

पील गेल्यावर मदतीची सूत्रं अर्थखात्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेलियनकडे होती. त्याच्या मते ही ईश्वरी योजना, सरकारने फार हात घालू नये. हाच गृहस्थ पुढे १८५९ ला मद्रासचा गव्हर्नर झाला. आणि याच दुष्काळासाठी कलकत्त्याहून वर्गणी गेली होती, हेही नोंदवून ठेवतो.

दुसरं उदाहरण घरचं. १९४२ ला बंगालच्या भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग आला. ऑक्टोबरात चक्रीवादळ झालं, हवा ओलसर राहिली. भातशास्त्रज्ञ पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये संशोधन केंद्रांवरचे उत्पादनाचे आकडे काढून दाखवलं की काही वाणांचं पीक जवळजवळ संपलं होतं, आणि १९४३ च्या दुष्काळाचं मूळ त्यांनी तिथं ठेवलं. अमर्त्य सेन यांचं म्हणणं नेमकं उलट. धान्य अगदीच कमी नव्हतं, युद्धाच्या महागाईत शेतमजुराची ते विकत घ्यायची ताकद संपली होती. वीस-तीस लाख माणसं गेली. मी सेन यांच्या बाजूचा.

माणदेशी

ट्रेव्हेलियनवरून रिचर्ड टेंपल आठवला. १८७७ ला दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्यात भागवा म्हणणारा. त्यानंतर तोच मुंबई इलाख्याचा गव्हर्नर! आमच्याकडं तेव्हा करपा-बिरपा काही नव्हता, पाऊसच नव्हता. रोग यायला आधी पीक उगवावं लागतं साहेब.

तासगावचा_बागायतदार

अर्थपूर्ण, तुमचं म्हणणं पटतं, आणि तरी पटत नाही. माणूस बाजाराने आणि सरकारने मरतो, कबूल. पण पहिला धक्का कोण देतं? आमच्या शेजाऱ्याची दोन एकर बाग एका आठवड्यात गेली. बेदाण्याचा सौदा, कर्जाचा हप्ता, पोरीचं लग्न हे सगळं आधीपासून काठावरच उभं होतं. ढकललं बुरशीने. काठावर कुणी आणून उभं केलं ते तुम्ही सांगा, मी ऐकतो. पण धक्क्याला धक्का तर म्हणू दे.

पद्मनाभन आणि सेन दोघं एकाच शेताच्या दोन बांधांवर उभे आहेत असं मला वाटतं.

अर्थपूर्ण

‘धक्का’ मान्य. इतिहास घडवणारा म्हणायला अजून तयार नाही.

वाईची_काकू

मी चहावाली, म्हणून चहाचं सांगते. सिलोनमध्ये, म्हणजे आताच्या श्रीलंकेत, आधी सगळी कॉफी होती. १८६९ ला तिथं कॉफीवर तांबेरा आला. पानाखाली नारिंगी भुकटी, आणि मग पानगळ. पंधरा-वीस वर्षांत मळे बसले. मळेवाल्यांनी कॉफी उपटून चहा लावला. म्हणूनच इंग्रज कॉफी सोडून चहा प्यायला लागले, आणि त्यांच्यामुळे आपणही. आता माझ्या कपाला नावं ठेवू नका.

खुसपट

काकू, शेवटचं वाक्य सोडून सगळं बरोबर. इंग्रज त्याच्या शंभर वर्षं आधीपासून चहा ढोसत होते. अमेरिकेत बोस्टनच्या बंदरात पेट्या बुडवल्या त्या १७७३ ला, आणि त्या चहाच्याच होत्या. चहा तेव्हा चीनमधून यायचा. तांबेऱ्याने इंग्रजांची आवड बदलली नाही, सिलोनचे डोंगर बदलले. आणि मार्शल वॉर्ड नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला तपासायला पाठवलं होतं. त्याने बजावलं होतं की डोंगरच्या डोंगर एकाच पिकाने झाकले तर बुरशीला अडवणार कोण. त्यानंतर तेच डोंगर त्यांनी चहाने झाकले.

वाईची_काकू

बरं बाबा. चहा ठेवलाय, येतोस का?

सिस्टरताई

मी सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली, आता निवृत्त. मेथर्जिनचं इंजेक्शन कुणाला माहीत आहे का? बाळंतपणानंतर रक्त थांबेना तर ते देतात. त्याचं मूळ अरगटमध्ये आहे, राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या बुरशीत. मध्ययुगात युरोपात असं धान्य दळून खाल्लं की हातापायात आग व्हायची, बोटं काळी पडून गळायची, झटके यायचे. ‘सेंट अँथनीची आग’ म्हणायचे. काय गंमत आहे, शिरा आवळून बोटं गाळणारी तीच गोष्ट मापात दिली की बाईचा जीव वाचवते.

अरगट आपल्या बाजरीवरही येतो. आधी कणसातून मधासारखा चिकटा गळतो, मग दाण्याच्या जागी काळपट कडक गाठी. बाजरीवरच्या अरगटाने बोटं गळत नाहीत, पण मळमळ, उलट्या, गरगरणं होतं. माझी आजी पेरणीच्या आदल्या दिवशी घंगाळात मीठ कालवायची, दहा लिटर पाण्याला दोन किलो, आणि त्यात बियाणं टाकायची. वर तरंगेल ते गाळून जाळायचं. खाली बसेल ते दोन-तीन पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचं. ग्रामसेवकाने दाखवलं म्हणायची. आम्हा पोरींना तरंगलेलं काढायचं काम, आणि तळहाताला चिरा असतील तर मीठ असं झोंबायचं की बस्स.

निशाचर

अमेरिकेतल्या सेलमच्या चेटकिणींचं प्रकरण पण अरगटमुळेच ना?

खुसपट

तो एक तर्क आहे, १९७६ ला मांडलेला. बऱ्याच इतिहासकारांना तो मान्य नाही. प्रत्येक वेडाचं खापर बुरशीवर नको. माणसं स्वतःच्या हिमतीवरही वेडी होतात.

नरवाडचा_पानमळा

पुसेगावकरांच्या बटाट्याचा सोयरा आमच्या पानमळ्यात राहतो. पानवेलीची मर. बुडाजवळ वेल काळी पडते, आठ दिवसांत वरची पानं मान टाकतात. तो बटाट्याचा करपा आणि ही मर, दोन्हींचं घराणं एकच, फायटोफ्थोरा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘झाडांचा नाश करणारा’. या घराण्यावर भारतात सुरुवातीला काम केलं ते जहांगीर दस्तूर या पारशी शास्त्रज्ञाने. १९१३ ला बिहारमधल्या पुसा इथं त्यांनी एरंडावरची एक नवी जात नोंदवली. मळ्यात अजून बुडाला बोर्डोच ओततो. विळा आम्हीपण बुडवतो, अण्णांना सांगा.

महाबळेश्वर_ते_मुक्काम_पोस्ट

गव्हाशिवाय हा धागा पुरा होत नाही. जरा लांबड लावतो.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला सगळे जातात. तिथं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे हे फार थोड्यांना माहीत. गेरवा म्हणजे गव्हावरचा तांबेराच. कृषी कॉलेजच्या सहलीत आम्ही गेलो होतो. वाफ्यात गहू, आणि तो मुद्दाम आजारी पाडलेला. पानांवर, दांड्यांवर तांबड्या-पिवळ्या पुळ्या. एका ओळीतून चालत बाहेर आलो तर मित्राची पांढरी पँट मांडीपर्यंत गेरूत लोळल्यासारखी. गेरवा हे नाव किती चपखल आहे ते तेव्हा कळलं.

मुद्दाम का, तर थंड हवेमुळे तिथं गेरवा जगतो आणि कुठला वाण टिकतो ते तपासता येतं. आपल्या सपाटीवरच्या उन्हाळ्यात तो जगत नाही. मग दर हिवाळ्यात येतो कुठून? हे कोडं आग्र्याच्या करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं खपून सोडवलं. तो डोंगरात उन्हाळा काढतो, उत्तरेला हिमालयात, दक्षिणेला निलगिरी आणि पळणीच्या टेकड्यांत, आणि तिथून वाऱ्यावर खाली उतरतो.

रोमन लोक याच रोगाच्या देवासाठी २५ एप्रिलला सण करायचे आणि तांबड्या रंगाचं कुत्रं बळी द्यायचे. तांबड्याला तांबडं. आपण मरीआईला कोंबडं देतो, फार लांब नाही.

आता खरी गंमत. आपल्याकडचा खपली गहू. सातारा-सांगलीत खिरीला आणि पुरणपोळीला लागतो तो. अमेरिकेत स्टॅकमन नावाच्या शास्त्रज्ञाने खोडावरच्या तांबेऱ्याच्या निरनिराळ्या जाती ओळखायला बारा गव्हांचा संच ठरवला. कुठल्या गव्हावर कशी पुळी येते, त्यावरून बुरशीची जात ठरवायची. १९२० च्या दशकातल्या त्या बारांत एकाचं नाव सरळ ‘खपली’. मिनेसोटात बसलेले गोरे शास्त्रज्ञ रोज वहीत ‘खपली, खपली’ लिहीत होते, कारण त्याच्यावर तांबेरा सहसा चालतच नव्हता. याच स्टॅकमनचा शिष्य नॉर्मन बोरलॉग. तो १९४४ ला मेक्सिकोत गेला तो तांबेऱ्याशीच झुंजायला. बुटका गहू नंतर आला. १९६६ ला आपण मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं मागवलं, आणि १९७० ला बोरलॉगला शांततेचं नोबेल मिळालं. पुढे युगांडात युजी-९९ नावाचा नवा तांबेरा निघाला आणि जगभर धाबं दणाणलं. त्याच्या घराण्यातल्या जातींपुढे टिकणाऱ्या थोड्या जनुकांत खपलीतून आलेलं एक आहे.

आणि आमच्या गावात खपलीखालचं रान दरवर्षी कमी होतंय, कारण कांडपाला वेळ लागतो.

अर्थपूर्ण

हे वाचून मात्र गप्प बसलो. अन्नाच्या राजकारणावर एवढं वाचलं, खपलीचं हे कुठंच भेटलं नव्हतं.

पाडेगाव_पासून_जवळ

उसाचं थोडक्यात. जावा बेटावर १८८० च्या दशकात ‘सेरेह’ रोगाने ऊस खुजा होऊन गवतासारखा फुटायला लागला. मग डच लोकांनी रानटी उसाशी संकर सुरू केला. कोइमतूरला तेच झालं, तिथंही कास नावाच्या रानगवताशी संकर. आपल्या ‘को’ जातींतला को म्हणजे कोइमतूर. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ चं. तुमच्या को ८६०३२ उसाच्या रक्तात रानगवत आहे, म्हणून तो काणी रोगाला आणि पाण्याच्या ताणाला थोडा दम धरतो. पण मैलोगणती तोच एक ऊस लावतोय आपण. लंपर आठवतोय का कुणाला?

माणदेशी

केळीचंही तेच की. आधी जगात ग्रो मिशेल विकली जायची, पनामा रोगाने म्हणजे मरने ती संपवली, मग कॅव्हेंडिश आली. आपली जी-नाईन तीच. आता तिलाही खाणारी नवी मर बिहारपर्यंत पोचलीय. आणि आटपाडीच्या डाळिंबाचं विचारू नका. तेल्या रोगाने आमच्या भावकीत तीन बागा काढल्या. एकाने तर औषधं एवढी मारली की दुकानदाराने दिवाळीला त्याला घड्याळ दिलं. बाग गेली, घड्याळ चालू आहे.

निशाचर

घड्याळावर हसावं की रडावं!

तासगावचा_बागायतदार

दोन दिवस बागेतच होतो, उशिरा लिहितोय. चौथ्या आणि सातव्या ओळीत डाग सापडले, अकरा घड काढून पिशवीत घालून बांधाबाहेर नेऊन जाळले. बाकी सध्या स्वच्छ. रस्त्याकडेची ओळ सगळ्यात कोरडी, तिकडून वारा लागतो. साड्यांचा काही संबंध नाही, खुसपट यांनी विचारायच्या आधीच सांगतो.

रात्री जेवताना अण्णांना सगळा धागा वाचून दाखवला. आयर्लंड ऐकून ते गप्प झाले. खपलीचं ऐकून आईकडे बघितलं. आईने काही न बोलता डबा उघडून दाखवला, तळाशी दोन मापटी शिल्लक आहे. मिलार्दे यांची गोष्ट मात्र त्यांना पुरती पटली नाही.

म्हणाले, “त्यानं इळा बुडवला हुता का?”

म्हटलं, लिहिलेलं नाही.

“मग चुना किती घातला ते त्याला कळलं कसं?”

नरवाडचा_पानमळा

बरोबर आहे अण्णांचं. आणि हवामान बघितलं का? उद्या पहाटे परत थेंब दाखवतायत.

तासगावचा_बागायतदार

बघितलं. टाकी भरायला लावलीय.